दवाखान्यात सोशल प्रिस्क्रायबिंग कसं राबवायचं: तयारीपासून शेवटच्या भेटीपर्यंत

"जरा लोकांत मिसळा, मन रमवा, फिरायला जात जा." डॉक्टर असं सांगतात, पेशंट मान डोलावतो, घरी जातो आणि काहीही बदलत नाही. दोन महिन्यांनी तोच पेशंट त्याच तक्रारी घेऊन परत येतो, आणि असल्या गोष्टींचा काही उपयोग नाही हे डॉक्टरांच्या मनात पक्कं होतं. यात पेशंटचा आळस शोधण्यात अर्थ नाही. ज्याच्या अंगात उठायचंही त्राण नाही, त्याला पत्ता शोधायला, अनोळखी दार वाजवायला आणि आत जाऊन बसायला सांगितलं, तर सगळ्यात अवघड काम आपण त्याच्याच माथी मारलेलं असतं.

सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणजे पेशंटला औषधोपचारांसोबत परिसरातल्या गटाशी किंवा सेवेशी जोडून देणं. त्यात हे काम वाटून घेतलं जातं. डॉक्टर किंवा नर्स गरज ओळखतात. लिंक वर्कर पेशंटशी सावकाश बोलतो, त्याला काय हवंय ते समजून घेतो आणि योग्य गटापर्यंत किंवा सेवेपर्यंत नेऊन पोचवतो. तो गट त्याला सामावून घेतो. मधला माणूस गाळला की उरतो फक्त सल्ला, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच गाळला जातो.

हा लेख छोटा दवाखाना, रुग्णालयाची ओपीडी किंवा आरोग्यात काम करणारी संस्था चालवणाऱ्यांसाठी आणि लिंक वर्कर होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. आधी पेशंट पाठवायला लागायचं आणि मग गट शोधायचे, असं केलं तर पहिल्याच महिन्यात विश्वास जातो.

टप्पा 1: माणूस नेमा, वेळ बांधा

"आम्ही सगळे मिळून बघू" असं ठरलं की कोणीच बघत नाही. एका माणसाचं नाव ठरवा. ती नर्स असेल, समाजसेवक असेल किंवा नीट प्रशिक्षण दिलेला स्वयंसेवक असेल. पदवीपेक्षा तीन गोष्टी पाहा: मध्येच न तोडता ऐकता येतं का, परिसरात ओळखी आहेत का, आणि "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं म्हणायला जड जात नाही ना. सल्ले द्यायची हौस असलेला माणूस या कामाला घेऊ नका, तो कितीही भला असला तरी.

आता वेळेचं गणित. इंग्लंडच्या एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) 2019 पासून प्राथमिक आरोग्यसेवेत मोठ्या प्रमाणावर लिंक वर्कर नेमले. तिथल्या मार्गदर्शनात एका पूर्णवेळ लिंक वर्करकडे वर्षाला साधारण 200 ते 250 माणसं धरली आहेत, आणि प्रत्येकाशी सरासरी तीन महिन्यांत 6 ते 12 वेळा संपर्क, फोन धरून. तुमचा माणूस आठवड्यातून एकच दिवस देणार असेल तर वर्षाला 40 ते 50 जण होतात, म्हणजे महिन्याला तीन किंवा चार नवीन. हा आकडा डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. पेशंट गुंतागुंतीचे असतील तर तोही कमी करा. मला विचाराल तर सुरुवातीचे सहा महिने निम्म्यावरच थांबावं.

खोली हवी, दार बंद होणारी. डॉक्टरांच्या टेबलापलीकडच्या खुर्चीत बसून माणूस पेशंटसारखाच बोलतो. शेजारी शेजारी बसलं की वेगळं बोलतो.

लिंक वर्करच्या कानावर खूप जड गोष्टी पडतात: मारहाण, कर्ज, मेलेलं मूल. आठवड्यातून एक ठरलेला तास त्याने अनुभवी डॉक्टर किंवा समुपदेशकासोबत बसायलाच हवं. हा तास सगळ्यात आधी रद्द होतो, म्हणून तो वेळापत्रकात छापून टाका.

> सावधान: "जगावंसं वाटत नाही" असं कोणी म्हणालं तर काय करायचं, हे पहिला पेशंट यायच्या आधी कागदावर लिहा. फोन कोणाला करायचा, तो उचलला नाही तर पुढचा कोणाला, तोवर पेशंटजवळ कोण थांबणार, हे सगळं त्यात हवं. हा कागद तयार नसेल तर सुरुवात करू नका.

टप्पा 2: यादी पायांनी करा, फोनने नाही

गट आणि सेवांची यादी इंटरनेटवरून उतरवून काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यातले निम्मे नंबर बंद असतात, वेळ बदललेली असते, आणि जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जावं लागतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. लिंक वर्करने प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन एक सत्र बसून बघायचं. सुरुवातीला दहा-पंधरा ठिकाणं पुरतात, पण ती एकाच प्रकारची नकोत. चालण्याचा गट, बागकाम, गाणं किंवा चित्रकला, वाचनालय, हातकाम, व्यायामवर्ग, शिकण्याचे वर्ग, दुःखात असलेल्यांचा आधारगट, आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांचा गट, आणि मुख्य म्हणजे कर्ज, घर, कायदा, नोकरी आणि सरकारी मदत यांबद्दल मार्गदर्शन देणारी ठिकाणं.

हे शेवटचं बहुतेक याद्यांमध्ये नसतं. सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणजे छंदवर्ग अशी समजूत झाल्यामुळे तसं होतं. घर सोडण्याची नोटीस आलेल्या बाईला चित्रकलेच्या वर्गाचा पत्ता दिला तर तिला तो अपमान वाटेल, आणि तिचं बरोबरच असेल.

प्रत्येक ठिकाणासाठी एक पान ठेवा. त्यावर या गोष्टी लिहा:

- नव्या माणसाला दारात कोण भेटतं, त्याचं नाव आणि फोन
- दिवस, वेळ, किती वेळ चालतं, सुट्टीच्या काळात बंद असतं का
- पैसे लागतात का. न परवडणाऱ्यासाठी सोय आहे का
- जिने, रॅम्प, स्वच्छतागृह किती जवळ, बसायला खुर्च्या आहेत का
- कोणत्या भाषेत चालतं. कमी ऐकू येणाऱ्याला चालेल का
- महिन्याला किती नवी माणसं घेऊ शकतात
- कुणाला तिथे अवघड जाईल

शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणे भरा. काही गट फार प्रेमळ असतात, पण इतके जुने आणि घट्ट झालेले असतात की नवा माणूस कोपऱ्यात बसून राहतो. हे फोनवर कळत नाही.

गटाच्या लोकांशी मोकळेपणी बोला. "आम्ही माणसं पाठवू" म्हटलं की ते आनंदाने हो म्हणतात आणि चार महिन्यांनी थकतात. किती माणसं झेपतील, अडचण आली तर तुम्हाला कुठे फोन करायचा, आणि त्यांच्याकडून उपचाराची अपेक्षा नाही, हे तिन्ही स्पष्ट करा. जास्त माणसं पाठवायची असतील तर जागा, साहित्य, प्रवास यांसाठी पैशांची सोय तुम्हाला करावी लागेल. फुकटात चालणारा गट दवाखान्याच्या ओझ्याखाली मोडला तर तुम्ही परिसराचं नुकसान केलंत.

> तपासा: इथे औषधं बंद करायला सांगतात का? काही विकतात का? देणगीसाठी मागे लागतात का? पंथात किंवा पक्षात ओढतात का? लहान मुलं किंवा असहाय माणसं असतील तर जबाबदार व्यक्तींची पार्श्वभूमी कोणी तपासली आहे का? एकाही उत्तराबद्दल शंका असेल तर ते नाव यादीत घेऊ नका. पुढची तपासणी तीन महिन्यांनी.

टप्पा 3: आधी शरीर तपासा

हा टप्पा डॉक्टरांचा आहे, आणि तो घाईत गाळला जातो. "एकटेपणा आहे, मन लागत नाही" असं ऐकून लगेच गट सुचवला जातो, आणि दुखणं तसंच राहतं.

थकवा आणि उदासी ही रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, बी-12 ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम यांतूनही येते. वजन आपोआप घटत असेल तर त्याचा शोध आधी. एवढं बहुतेक डॉक्टर बघतात. त्यापलीकडच्या काही गोष्टी मात्र पेशंट लाजेने सांगत नाही आणि आपण विचारत नाही. ऐकू कमी आल्यामुळे माणूस गर्दी टाळतो. चार जण बोलत असले की त्याला काहीच उमगत नाही, हसण्यावर हसावं लागतं, म्हणून तो घरी बसतो. लघवीवर ताबा राहत नाही म्हणून बाई कुठे जात नाही. एकदा पडल्यापासून रस्त्याची भीती बसलेली असते. दात नाहीत म्हणून कोणासमोर खायला संकोच वाटतो. या माणसांना एकटेपणा आहेच, पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट दवाखान्यात सुटू शकते. श्रवणयंत्र बसवलं, लघवीच्या त्रासावर उपचार झाले, तर निम्मी वाट तिथेच सरते. ते न करता गटात पाठवलं तर माणूस एकदा जाऊन परत येईल आणि "मला नाही जमत" हे त्याचं मत पक्कं होईल.

म्हणून सरळ विचारा: "बाहेर पडायचं म्हटलं की सगळ्यात आधी कशाची काळजी वाटते?"

उदासीसाठी पीएचक्यू-2 या प्रश्नावलीत दोनच प्रश्न आहेत. गुण 0 ते 6, आणि 3 किंवा जास्त आले तर पूर्ण तपासणी करायची. एकटेपणासाठी तीन प्रश्नांची यूसीएलए प्रश्नावली सोपी आहे: सोबतीची उणीव, वगळलं गेल्याची भावना आणि एकटं पडल्याची भावना किती वेळा जाणवते, त्याचे गुण 3 ते 9; 6 किंवा जास्त असतील तर सहसा एकटेपणा धरतात. प्रश्न वाचून दाखवताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघा, कागदाकडे नको.

व्यायामाचा गट सुचवणार असाल तर छातीत दुखणं, उभं राहताना चक्कर येणं आणि तोल जाणं यांबद्दल विचारा. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी काय काळजी घ्यायची ते सांगा.

> सावधान: आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा भास, घरातली मारहाण, खाणंपिणं सोडणं: इथे गट हे पहिलं पाऊल नाही, तातडीची मदत हे पहिलं पाऊल आहे. खूप दारू पिणाऱ्याला "उद्यापासून बंद करा आणि गटात जा" असं कधीही सांगू नका. अचानक बंद केल्याने फिट्स येऊ शकतात. त्यासाठी वैद्यकीय देखरेख लागते. आणि गट सुरू झाला म्हणून चालू औषध कोणी आपल्या मनाने बंद करणार नाही, हे पेशंटला स्पष्ट सांगा.

टप्पा 4: विचारा, मगच चिठ्ठी लिहा

बोलायचं कसं, यावर बरंच अवलंबून आहे. "तुमच्या रिपोर्टमध्ये काही नाही, तुम्ही आमच्या लिंक वर्करना भेटा" या वाक्यातून पेशंटला एवढंच ऐकू येतं की माझं दुखणं खोटं ठरवलं. त्याऐवजी असं म्हणा: "तुमच्या गुडघ्याचे उपचार चालूच राहतील. पण यजमान गेल्यापासून तुम्ही घराबाहेर पडला नाहीत असं म्हणालात, त्याचाही तब्येतीवर परिणाम होतो. आमच्याकडे एक जण आहेत, त्यांना बोलायला माझ्यापेक्षा जास्त वेळ आहे. त्यांना भेटायला आवडेल का?"

यात तीन गोष्टी आल्या: उपचार थांबत नाहीत, तुमचं बोलणं मी ऐकलं, आणि नाही म्हणायची मोकळीक आहे. उत्तर "नाही" असं आलं तर आग्रह नको. पुढच्या वेळी पुन्हा विचारता येतं.

लिंक वर्करसाठीची चिठ्ठी छोटी ठेवा. त्यात पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली अडचण, प्रकृतीतल्या फक्त कामाच्या गोष्टी (उदाहरणार्थ, लांब चालता येत नाही), सुरक्षिततेबद्दल काही असेल तर ते, फोन कधी केलेला चालेल, आणि माहिती द्यायला पेशंटने परवानगी दिल्याची नोंद. गटाकडे निदान जात नाही. गटाला फक्त नाव आणि "त्यांना दाराजवळची खुर्ची द्या" एवढं पुरतं, आणि तेही पेशंटला विचारून.

शक्य असेल तर डॉक्टरांनी त्याच वेळी बाहेर येऊन ओळख करून द्यावी. दोन मिनिटं लागतात. नाहीच जमलं तर लिंक वर्करचा फोन आठवड्याच्या आत जायला हवा. फोनवर पहिलं वाक्य डॉक्टरांच्या नावाने सुरू करा, नाहीतर लोक काहीतरी विकायचं असेल म्हणून फोन ठेवतात.

टप्पा 5: पहिली भेट, यादी बंद ठेवून

पंचेचाळीस मिनिटं ते एक तास. यादीची वही टेबलावर आणूच नका. ती दिसली की पाचव्या मिनिटाला "आमच्याकडे छान बागकामाचा गट आहे" असं तोंडातून जातं, आणि तिथे ऐकणं संपतं.

सुरुवात सोपी करा: "तुमचा कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगा." या एका प्रश्नातून झोप, जेवण, माणसं, दुखणं, रिकामे तास, सगळं बाहेर येतं. त्यानंतर मागे जा. आजारपणाआधी, निवृत्तीआधी, बाळंतपणाआधी दिवस कसा असायचा? काय करताना वेळ कळायचा नाही? ते कशामुळे सुटलं? लोक म्हणतात, "मला कसलीच आवड नाही." ते खरं धरू नका, पण वादही घालू नका. "दुसरे लोक तुमच्याकडे कशासाठी मदत मागायला यायचे?" असं विचारून बघा. कोणी शिवण सांगतो, कोणी हिशेब, कोणी सायकल दुरुस्ती. दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची संधी ही पुष्कळदा कुठल्याही वर्गापेक्षा मोठी गोष्ट ठरते. स्वयंसेवेच्या जागा म्हणूनच यादीत हव्यात.

सोबत आलेला मुलगा किंवा सून उत्तरं देत असेल तर थोडा वेळ पेशंटशी एकट्याने बोलायचं आहे असं सौम्यपणे सांगा. काही गोष्टी तेव्हाच बाहेर येतात.

मग क्रम लावा. डोक्यावर छप्पर, जेवण, सुरक्षितता, कर्ज यांपैकी काही पेटलेलं असेल तर तेच आधी. पैशाच्या चिंतेने रात्रभर जागणाऱ्या माणसाला चालण्याच्या गटाचा फायदा नंतर होईल. आज त्याच्यासोबत बसून अर्ज भरा.

मोजमाप शेवटी घ्या, सुरुवातीला नाही. डब्ल्यूएचओ-5 या मनाची स्थिती मोजणाऱ्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच प्रश्न आहेत. प्रत्येकाला 0 ते 5 गुण. बेरजेला 4 ने गुणायचं, म्हणजे 0 ते 100 असा आकडा येतो. 50 पेक्षा कमी आला तर डॉक्टरांना कळवून उदासीची तपासणी करून घ्या. त्यासोबत पेशंटला स्वतःच्या दोन मुख्य काळज्या त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा आणि त्या किती टोचतात त्याला 0 ते 6 गुण द्यायला सांगा. मायकॉ या साधनाची हीच पद्धत आहे. तीन महिन्यांनी डॉक्टरांना सगळ्यात बोलका वाटतो तो हाच कागद.

> तपासा: भेट संपल्यावर स्वतःला विचारा, जास्त कोण बोललं? लिंक वर्कर असेल तर योजना ठरवू नका, दुसरी भेट घ्या.

टप्पा 6: एकच पाऊल ठरवा

उत्साहात तीन गट, एक वर्ग आणि रोजचं चालणं अशी योजना बनते आणि पहिल्या आठवड्यातच ढासळते. एकच गोष्ट निवडा. आता यादी उघडा, दोन-तीन पर्याय सांगा, प्रत्येकाबद्दल खरं ते सांगा ("इथे गोंगाट असतो, पण लोक चटकन बोलतात"), आणि निवड पेशंटवर सोडा. त्याने निवडलेली गोष्ट तुम्हाला कमी उपयोगाची वाटली तरी चालेल. स्वतः निवडलेल्या ठिकाणी माणूस पुन्हा जातो.

निवड झाली की विचारा: "जायला किती तयार आहात, 0 ते 10 मध्ये?" 4 म्हणाले तर "इतकं कमी का?" असं विचारू नका, "4 तरी का, 1 का नाही?" असं विचारा. ते स्वतःच जाण्याची कारणं सांगू लागतात. 7 च्या खाली असेल तर पाऊल आणखी छोटं करा: आत बसायचं नाही, फक्त जागा बघून यायची.

योजना पेशंटच्या शब्दांत एका कागदावर लिहा. वार, वेळ, कसं जायचं, कोण सोबत असेल, दुखायला लागलं तर कधी निघायचं. निघून यायची परवानगी कागदावर असली की बरेच जण शेवटपर्यंत थांबतात.

टप्पा 7: पहिल्यांदा सोबत जा

सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, आणि वेळ वाचवण्यासाठी पहिली काटछाट इथेच होते. नंबर देऊन पाठवलेला पेशंट आणि दारापर्यंत सोबत नेलेला पेशंट यांची तुलना करायची असेल तर महिनाभर नोंद ठेवून बघा. तुम्हाला पटवून द्यावं लागणार नाही.

आदल्या दिवशी फोन करा. गटातल्या ठरलेल्या माणसाला नाव कळवा आणि दारात उभं राहायला सांगा. दहा मिनिटं आधी पोचा. भरलेल्या खोलीत शिरणं अवघड असतं, रिकाम्या खोलीत बसून लोक येताना बघणं सोपं. आत गेल्यावर लिंक वर्करने पेशंटच्या वतीने बोलू नये. ओळख करून द्या आणि गटातल्या माणसाला बोलू द्या. पेशंटच्या हाताला काहीतरी काम मिळेल असं बघा: खुर्च्या मांडणं, कागद वाटणं. नुसतं बसून राहिलेला माणूस घड्याळाकडे बघत राहतो.

दुसऱ्या वेळी दारात भेटा आणि थोड्या वेळाने निघा. तिसऱ्या वेळी फक्त फोन. तिसऱ्या भेटीपर्यंत पोचलेला माणूस बहुधा टिकतो, असं या कामात वारंवार दिसतं, म्हणून सगळा जोर पहिल्या तीन भेटींवर लावा.

आणि तो गेलाच नाही तर? दुसऱ्याच दिवशी फोन करा, आणि आवाजात तक्रार नको. "काल जमलं नाही का? काय आडवं आलं?" कारण तीनपैकी एक निघतं. व्यवहाराचं (वाहन, वेळ, पैसे, नातवाला सांभाळायचं होतं), भीतीचं, किंवा मुळात ती गोष्ट त्याची नव्हतीच, तुमची होती. पहिल्यावर उपाय शोधा. दुसऱ्यावर पाऊल छोटं करा. तिसऱ्यावर टप्पा 5 कडे परत जा आणि माफी मागून नव्याने ऐका.

> सावधान: दोनदा न आल्यावर नाव काढून टाकण्याचा नियम करू नका. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच आधी गळतात.

टप्पा 8: पाठपुरावा, आणि हळूहळू बाजूला होणं

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, दुसऱ्यात पंधरवड्याला, तिसऱ्यात एकदा. फोन पाच मिनिटांचा पुरतो, पण ठरलेल्या वेळी यायला हवा. विचारायचं काय? "गेलात का?" हे नको, तो हजेरीचा प्रश्न झाला. "तिथे कोणाशी बोलणं झालं?" असं विचारा. नावं ऐकू येऊ लागली की गाडी रुळावर आहे.

एक अडचण आधीच ओळखून ठेवा. काही पेशंट गटापेक्षा लिंक वर्करलाच धरून राहतात. स्वाभाविक आहे, बऱ्याच दिवसांनी कोणीतरी ऐकलेलं असतं. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा की आपण साधारण तीन महिने सोबत आहोत, आणि दर भेटीत किती उरले ते सांगत राहा. शेवटची भेट अचानक नको. त्या भेटीत तेच मोजमाप पुन्हा घ्या, पहिला कागद शेजारी ठेवा, आणि पुन्हा वाईट दिवस आले तर कोणाला फोन करायचा ते लिहून द्या. त्या यादीत दवाखान्याखेरीज एक तरी नाव असायला हवं.

मधल्या काळात तब्येत खालावली, आकडा घसरला, बोलण्यात निराशा वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत. गटात जातोय म्हणजे बरा आहे, असं धरून चालू नका.

डॉक्टरांना प्रत्येक पेशंटबद्दल दोन ओळी परत गेल्याच पाहिजेत: काय ठरलं, काय झालं. हे क्षुल्लक वाटतं, पण पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे कळलं नाही की डॉक्टर पाठवणं थांबवतात.

टप्पा 9: मोजा, पण स्वतःला फसवू नका

2017 मध्ये सोशल प्रिस्क्रायबिंगच्या 15 मूल्यमापनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक मूल्यमापनं छोटी आणि सदोष होती, आणि त्यांवरून यशाबद्दल ठाम काही सांगता येत नाही असा निष्कर्ष निघाला. मला हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं, म्हणूनच हा आढावा गंभीरपणे घ्यावा असं वाटतं. ढिसाळ मोजणीने चांगल्या कामाचाच घात होतो.

सगळ्यात मोठा सापळा असा: माणूस सगळ्यात वाईट दिवसांत तुमच्याकडे येतो. काहीही केलं नाही तरी तीन महिन्यांनी त्यातले बरेच जण थोडे बरे असणार. त्यामुळे आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांतला सगळा फरक आपल्या नावावर जमा करू नका. जमेल तिथे प्रतीक्षायादीतल्या लोकांचेही आकडे दोनदा घ्या आणि त्यांच्याशी ताडून बघा. डब्ल्यूएचओ-5 मध्ये 10 गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. दोन-तीन गुणांच्या वाढीवर अहवाल सजवू नका. आणि शेवटचा फॉर्म भरायला जे आलेच नाहीत त्यांना हिशेबातून वगळू नका, ते किती होते ते लिहा.

त्याहून उपयोगी, आणि वहीतही ठेवता येईल अशी मोजणी म्हणजे गळतीची. पाच रकाने करा: पाठवले, लिंक वर्करला भेटले, योजना ठरली, पहिल्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. दर महिन्याला आकडे भरा. दुसऱ्या रकान्यात गळती असेल तर डॉक्टरांच्या बोलण्यात किंवा उशिरा जाणाऱ्या फोनमध्ये दोष आहे. चौथ्यात असेल तर सोबत जाणं होत नाहीये. पाचव्यात असेल तर गटाकडे बघा. यादीतलं ते पान पुन्हा लिहायची वेळ आली.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट बघा: कोण येतच नाही? पुरुष कमी आहेत का, अपंग व्यक्ती आहेत का, वेगळी भाषा बोलणारे आहेत का, दिवसा कामावर असणारे आहेत का? सगळे गट सकाळी अकराला भरत असतील तर कामावर जाणारा माणूस तुमच्या यादीतून आपोआप बाहेर राहतो. त्याच्यासाठी संध्याकाळची एक तरी जागा शोधा. कुठेच नसेल तर तीन-चार पेशंट आणि एक खोली घेऊन ती सुरू करा. लिंक वर्करने पहिले काही आठवडे सांभाळावी आणि मग त्यांच्यातल्याच एकाच्या हाती द्यावी.

पहिल्या भेटीसाठी महिन्याहून जास्त थांबावं लागू लागलं, की नवीन चिठ्ठ्या घेणं थांबवा. डॉक्टरांना कारण सांगा आणि पुन्हा कधी सुरू होईल ती तारीख द्या. थांबलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करून कळवा, आणि त्यांच्यापैकी कोणाची तब्येत बिघडतेय का ते त्याच फोनवर विचारून घ्या.